शिरेतून हृदयापर्यंत : वेर्नर फोर्समान

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांपुढे कधीतरी एक छापील कागद येतो. रुग्णाचा रक्तदाब घसरला आहे, हातावरच्या शिरा सापडेनाशा झाल्या आहेत, द्यायचे औषध हातातल्या बारीक शिरेला सोसणारे नाही. म्हणून मानेतून ‘सेंट्रल लाइन’ टाकावी लागेल, असे डॉक्टर घाईघाईने सांगतात आणि सही मागतात. मावशीच्या शेवटच्या आजारात असा कागद माझ्याही हाती आला होता. नळीचे टोक हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबणार, एवढेच त्या वेळी कळले आणि पेन काही क्षण हातातच राहिले. हृदयाजवळ काही न्यायचे म्हणजे जिवाशी खेळ, ही सामान्य माणसाची समजूत. शंभर वर्षांपूर्वी ती युरोपातल्या नामवंत शल्यविशारदांचीही होती. स्वतःच्या हाताला चिरा देऊन ती खोटी ठरवणारा माणूस एका लहान गावातल्या रुग्णालयात नुकताच रुजू झालेला, पंचविशीही न गाठलेला उमेदवार डॉक्टर होता.

वेर्नर फोर्समान यांचा जन्म बर्लिनमध्ये २९ ऑगस्ट १९०४ रोजी झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील कायद्याच्या व्यवसायात होते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ते मारले गेले आणि मुलाला वाढवण्याचा भार आई आणि आजीवर पडला. १९२२ मध्ये वेर्नर बर्लिन विद्यापीठात वैद्यक शिकू लागले. विद्यार्थिदशेतच एका पाठ्यपुस्तकातील चित्राने त्यांना पछाडले. ओगूस्त शोव्हो आणि एतिएन-झ्यूल मारे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८६१ साली घोड्याच्या मानेतल्या शिरेतून थेट हृदयात नळी नेऊन आतला दाब मोजला होता. घोडा जिवंत राहिला होता. घोड्याला जे सोसले ते माणसाला का सोसणार नाही, हा प्रश्न त्या चित्रापाशी उभा राहतो, आणि फोर्समान यांनी तो पुढे कधी सोडला नाही.

या प्रश्नामागे केवळ कुतूहल नव्हते. रुग्ण अत्यवस्थ झाला, रक्ताभिसरण कोलमडले, हृदय थांबू लागले, की त्या काळच्या डॉक्टरांच्या हाती फार थोडे उरत असे. हातातल्या शिरेत औषध टोचावे, तर रक्त पुढे सरकतच नसल्याने ते हृदयापर्यंत पोहोचेपर्यंत वेळ निघून जाई. म्हणून शेवटचा उपाय म्हणून छातीच्या भिंतीतून लांब सुई खुपसून औषध सरळ हृदयात सोडले जाई. ही सुई आंधळी. ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीला लागली, तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून जगू शकणारा रुग्णही दगावे. फुप्फुसाला भोक पडण्याचे भय वेगळेच. फोर्समान यांना या सुईला पर्याय हवा होता. शरीरातली प्रत्येक शीर शेवटी हृदयाकडेच जाते. मग छाती फोडून आत शिरण्याऐवजी शिरेच्याच वाटेने का जाऊ नये, असा त्यांचा सरळ विचार होता.

शिरेची वाट तशी अगदीच अनोळखी नव्हती. बंगालमधून निघालेली पटकीची साथ ब्रिटनपर्यंत पोहोचली, तेव्हा १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांच्या हातातील शीर उघडी करून, तीत चांदीची बारीक नळी बसवून मिठाचे पाणी भरले होते. आज आपण ज्याला सहजपणे ‘सलाईन लावणे’ म्हणतो, त्याची ती सुरुवात. परंतु लाटा यांची नळी हातातच थांबत होती.

१९२९ साली फोर्समान बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या एबर्सवाल्ड या गावी ओगुस्ट व्हिक्टोरिया रुग्णालयात शल्यचिकित्सा शिकण्यासाठी रुजू झाले. तिथले प्रमुख डॉ. रिखार्ड श्नायडर त्यांच्या कुटुंबाच्या परिचयातले. फोर्समान यांनी आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली. श्नायडर यांना ती पटली नाही असे नव्हे, पण रुग्णावर असला प्रयोग करण्यास त्यांनी साफ नकार दिला. मग स्वतःवर करतो, असे फोर्समान म्हणाले. त्यालाही नकार मिळाला. ज्या घरातला कर्ता पुरुष युद्धात गेला, त्या घरातला एकुलता एक मुलगा आपल्या रुग्णालयात मेला तर त्या आईला काय सांगायचे, ही त्यांची अडचण होती.

यापुढची हकिगत कोणत्याही कादंबरीत शोभावी अशी आहे, आणि म्हणूनच ती सांगताना तिच्यातली फसवणूक अनेकदा विनोदावारी नेली जाते. शस्त्रक्रियेची निर्जंतुक केलेली अवजारे गेर्डा डित्सेन या परिचारिकेच्या ताब्यात असत. ती अवजारे मिळाल्याशिवाय काहीच होणार नव्हते. फोर्समान यांनी त्यांच्याशी ओळख वाढवली, वैद्यकाची पुस्तके वाचायला दिली, हळूहळू आपली कल्पना समजावली. डित्सेन यांना ती इतकी पटली की प्रयोग आपल्यावर करा, असा आग्रह त्यांनीच धरला. फोर्समान यांनी होकार दिला आणि तो पाळण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

दुपारची वेळ साधून दोघे छोट्या शस्त्रक्रियागृहात गेले. फोर्समान यांनी डित्सेन यांना टेबलावर निजवून हातपाय पट्ट्यांनी बांधले. त्यांच्या हाताला औषध लावण्याचे नाटक करीत त्यांनी स्वतःच्या डाव्या कोपराच्या खळगीत भूल टोचली. भूल चढेपर्यंत डित्सेन यांच्याच हाताशी खाटखुट चालू ठेवली. मग आपली शीर उघडी करून तीत नळी सरकवली. ती सुमारे ३० सेंटिमीटर आत गेल्यावरच त्यांनी डित्सेन यांचा हात मोकळा केला. त्या रागावल्या, पण पुढचे काम त्यांच्याविना होणार नव्हते. हातात लोंबती नळी घेऊन फोर्समान त्यांच्यासह जिने उतरून तळघरातील क्ष-किरण विभागात गेले. तिथे त्यांचा एक सहकारी मित्र धावत आला आणि नळी ओढून काढू लागला. त्याला लाथ मारून दूर करावे लागले. डित्सेन यांनी समोर आरसा धरला. क्ष-किरणांच्या पडद्यावर उमटणारे स्वतःचेच चित्र त्या आरशात पाहत फोर्समान यांनी नळी आणखी आत सारली. ती जवळजवळ पूर्ण आत गेली तेव्हा तिचे टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दिसले. त्यांनी त्याची फिल्म काढून घेतली. ती फिल्म नसती तर पुढे कोणी विश्वास ठेवला नसता.

जोखीम पत्करायला एक स्त्री स्वखुशीने तयार झाली होती आणि तिला खोटे सांगून बांधून ठेवण्यात आले, ही गोष्ट शौर्याच्या झगमगाटात दिसेनाशी होते. धोका फोर्समान यांनी स्वतःकडे घेतला हे खरेच. तरीही आज रुग्णाच्या नातेवाइकांपुढे संमतीचा कागद ठेवणाऱ्या वैद्यकशास्त्राने या प्रसंगाचा हा भागही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा.

आता थोडे त्या नळीविषयी. शिरेतून हृदयापर्यंत जाईल अशी नळी बाजारात नव्हतीच. कारण असे काही करायचे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. फोर्समान यांनी मूत्ररोगतज्ज्ञांच्या अवजारांतली, मूत्रवाहिनीत घालायची रबरी नळी उचलली. लांबी ६५ सेंटिमीटर, जाडी ४ शारिएर, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त. निवड अचूक होती. कोपरापासून हृदयापर्यंतचे अंतर भरून काढण्याइतकी ती लांब होती, शिरेच्या वळणांतून वळण्याइतकी लवचीक होती, आणि आतली भिंत न खरचटण्याइतकी मऊ. थेंबभर प्रभावी औषध हृदयाशी पोहोचवणे हा त्यांचा हेतू असल्याने तिचे बारीक असणे अडचणीचे नव्हते.

हेतू वेगळा असता तर हीच नळी कुचकामी ठरली असती, आणि आजही तातडीच्या विभागात डॉक्टर साधन निवडतात ते नेमक्या याच हिशेबाने. नळीतून द्रव किती वेगाने वाहील हे तिच्या लांबी-रुंदीवर ठरते. लांबी दुप्पट झाली की प्रवाह निम्मा होतो; आतली रुंदी दुप्पट झाली तर तो तत्त्वतः सोळा पट वाढतो. अपघातात भळाभळा रक्त गेलेला माणूस येतो तेव्हा म्हणून मानेतली लांब नळी ही पहिली निवड नसते. कोपराच्या खळगीतल्या ठसठशीत शिरेत आखूड आणि जाड कॅन्युला, शक्यतो दोन्ही हातांत एकेक, हेच तिथे उत्तम. नातेवाइकांना मात्र वाटते की हातातली सुई म्हणजे किरकोळ उपचार आणि मानेतली म्हणजे मोठा. प्रत्यक्षात करड्या टोपीची आखूड कॅन्युला मानेतल्या लांब, तीन पोकळ्यांच्या नळीच्या एका पोकळीपेक्षा कितीतरी वेगाने रक्त आत सोडू शकते. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वर आणणारे नॉरॲड्रिनॅलिनसारखे औषध तासन्‌तास द्यायचे असेल, तेव्हा गणित पालटते. हातातल्या शिरेतून ते बाहेर झिरपले तर भोवतालची कातडी आणि मांस मरू शकते. तिथे मान, गळपट्टीच्या हाडाखालचा भाग किंवा जांघ यांतली मोठी शीर धरून, जिथे भरपूर रक्त ते औषध लगेच पातळ करील अशा जागी नळीचे टोक न्यावे लागते. आणि शिरा कोसळून काहीच हाती लागत नसेल, क्षण महत्त्वाचे असतील, तर नडगीच्या हाडात सुई रोवून मज्जेतूनही औषध देता येते; हाड कोसळत नाही. काय द्यायचे, किती झपाट्याने द्यायचे आणि किती काळ, हे ठरल्याशिवाय साधन ठरत नाही. फोर्समान यांनी त्यांतला एक प्रश्न सोडवला होता, सगळे नव्हेत.

श्नायडर आधी संतापले, मग फिल्म पाहून हरखले. त्यांनी या धडपड्या शिष्याला खाऊपिऊ घातले आणि आता एका रुग्णावर ही रीत वापरण्याची मोकळीक दिली. आंत्रपुच्छ फुटून पोटभर पू पसरलेली एक स्त्री मरणाच्या दारात होती. फोर्समान यांनी तिच्या हातातून हृदयाजवळ नळी नेऊन ग्लुकोजच्या द्रावणातून हृदयाला उभारी देणारी औषधे सोडली. तिची प्रकृती काही काळ सुधारली; नंतर ती गेली. प्रतिजैविकांच्या आधीचा तो काळ, तेव्हा याहून वेगळे घडणे कठीण होते. पण अत्यवस्थ रुग्णाला मध्यवर्ती शिरेतून औषध देण्याचा आज जगभर दररोज होणारा उपचार त्या अनाम स्त्रीच्या खाटेपाशी झाला होता. फोर्समान यांच्या आरशाची गोष्ट सर्वांना माहीत असते. ही खाट सहसा कोणाला आठवत नाही. मला तीच अधिक मोलाची वाटते.

नोव्हेंबर १९२९ मध्ये एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर ते बर्लिनच्या शारिते रुग्णालयात फर्डिनांड झाउअरब्रुख या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ जर्मन शल्यविशारदाच्या हाताखाली विनावेतन काम करू लागले होते. वृत्तपत्रांनी बातमी उचलली, चर्चेला ऊत आला, आपण हे आधीच केले होते असा दावाही एका वरिष्ठ डॉक्टरने केला. झाउअरब्रुख यांना हा सारा सर्कशीच्या तोलामोलाचा प्रकार वाटला. त्यांनी या तरुणाला बाहेरची वाट दाखवली. फोर्समान एबर्सवाल्डला परतले.

पुढची दोन वर्षे त्यांनी एकट्याने काम रेटले. नळीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून हृदयाच्या आतली चित्रे घ्यावीत, हा त्यांचा नवा ध्यास. त्यासाठी कुत्रे हवेत, आणि रुग्णालयात कुत्र्यांना जागा नाही; म्हणून त्यांनी ते बर्लिनमधल्या आईच्या घरी ठेवले आणि प्रयोगापुरते रुग्णालयात नेले. मुलाच्या जिवाची ज्या आईसाठी श्नायडर यांना काळजी होती, तीच आई आता त्याच्या प्रयोगाची जनावरे सांभाळत होती! कुत्र्यांवर जमल्यावर त्यांनी पुन्हा स्वतःच्या हातातून नळी घातली. एकूण नऊ वेळा त्यांनी स्वतःच्या हृदयात नळी नेली. १९३१ मध्ये हे काम त्यांनी शल्यविशारदांच्या सभेत मांडले. कोणी फारसे लक्ष दिले नाही.

इथे ते थांबले. १९३२ साली माइन्त्स येथे काम करताना त्यांची एल्झबेट एंगेल या सहकारी डॉक्टरशी ओळख झाली. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केले. पतिपत्नींना एकाच रुग्णालयात राहता येत नसल्याने ते तिथून निघाले, मूत्रशल्यचिकित्सा शिकले आणि त्याच शाखेत रमले. त्यांना सहा मुले झाली. ज्या शाखेची नळी त्यांनी उसनी घेतली होती, तीच त्यांचे पोट भरू लागली.

१९३२ हे वर्ष आणखी एका कारणाने नोंदवावे लागते. त्या वर्षी फोर्समान नाझी पक्षाचे सभासद झाले. हिटलर सत्तेवर आला तो जानेवारी १९३३ मध्ये. म्हणजे नोकरी टिकवण्यासाठी नाइलाजाने घेतलेले हे सभासदत्व नव्हते. वारे पूर्ण फिरण्यापूर्वीच त्यांनी ती बाजू निवडली होती. त्यांच्या गौरवलेखांतून हे वाक्य गाळले जाते किंवा कंसात टाकले जाते. प्रस्थापितांनी झिडकारलेला, बाप युद्धात गमावलेला तरुण त्या लाटेत ओढला गेला, असे स्पष्टीकरण देता येईल. स्पष्टीकरणाने निवड पुसली जात नाही. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर होते. अखेरीस अमेरिकनांच्या हाती युद्धकैदी झाले आणि १९४५ मध्ये सुटले. जुन्या पक्षसदस्यत्वामुळे काही काळ त्यांना डॉक्टरी करता आली नाही. त्यांनी लाकूडतोड्याचे काम केले. नंतर ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्यात पत्नीच्या दवाखान्यात मदत केली आणि १९५० पासून बाड क्रॉइत्सनाख या लहान शहरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून बस्तान बसवले.

दरम्यान, त्यांच्या नकळत, त्यांचा जुना निबंध अटलांटिकपलीकडे वाचला गेला होता. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात पॅरिसमध्ये जन्मलेले आंद्रे कूर्नां आणि अमेरिकन डिकिन्सन रिचर्ड्‌स हे दोघे हृदय-फुप्फुसांचा अभ्यास करीत होते. १९४०च्या दशकात त्यांनी फोर्समान यांची वाट पक्की केली. नळी तासन्‌तास हृदयात ठेवूनही माणूस सुखरूप राहतो, हे त्यांनी दाखवले. युद्धकाळात त्यांनी गंभीर जखमी होऊन शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांच्या हृदयातील दाब आणि रक्तप्रवाह मोजले. अशा रुग्णाच्या हृदयाकडे परतणारे रक्तच घटलेले असते, म्हणून त्याला रक्त भरपूर आणि लवकर मिळाले पाहिजे, हे त्या मोजमापांतून पुढे आले. जे साधन फोर्समान यांनी औषध आत सोडण्यासाठी कल्पिले होते, ते इथे आतली बातमी बाहेर आणण्यासाठी वापरले गेले.

ऑक्टोबर १९५६ मध्ये त्या दोघांबरोबर फोर्समान यांचे नाव वैद्यकाच्या नोबेलसाठी जाहीर झाले. जर्मनीतल्या बहुतेक डॉक्टरांना हे नाव ठाऊक नव्हते. विद्यापीठात स्थान नसलेला, लहान गावात मूत्रखडे काढणारा बावन्न वर्षांचा हा माणूस अचानक जगापुढे आला. माइन्त्स विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापक केले, १९५८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात ते शल्यविभागाचे प्रमुख झाले. पण हृदयाच्या संशोधनात ते परतले नाहीत. पंचवीस वर्षांत ते शास्त्र त्यांच्यापुढून फार दूर निघून गेले होते.

त्या वर्षांत त्यांची वाट इतरांनी रुंद केली होती. रोबेर ओबान्याक या फ्रेंच शल्यविशारदाने १९५२ मध्ये गळपट्टीच्या हाडाखालून मोठी शीर गाठण्याची रीत प्रसिद्ध केली. रक्त गेल्याने हातापायांच्या शिरा कोसळल्या तरी ही शीर हाडाला बिलगून उघडी राहते. १९५३ मध्ये स्वीडनचे स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी सुईतून आधी तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती सुचवली. शीर चिरून उघडी करण्याची गरज त्यामुळे जवळपास संपली. मावशीच्या मानेतली नळी तारेवरूनच गेली होती. ध्वनिलहरींच्या यंत्रावर शीर पाहत डॉक्टरांनी ती काही मिनिटांत बसवली, हे मला नंतर कळले. फोर्समान यांची स्वतःची कोपराजवळची वाटही विझली नाही. अनेक आठवडे औषधे घ्यावी लागणाऱ्या कर्करुग्णांच्या दंडातून आज जी ‘पिक लाइन’ घालतात, तिचा मार्ग तोच.

फोर्समान यांनी १९७२ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. निवृत्तीनंतर ते पत्नीसह पुन्हा ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात राहायला गेले. तिथेच शॉप्फहाइम येथे १ जून १९७९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. एबर्सवाल्डच्या तळघरात घेतलेली ती धूसर फिल्म, जिच्यात डाव्या दंडातून निघालेली एक बारीक रेघ छातीत उतरताना दिसते, वैद्यकाच्या पुस्तकांत अजून छापली जाते.